आज नुसतं जाऊ या ना, आई

प्रश्न

माहीममधल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी पावणेसहा वर्षांची. सीनियर केजीत रोजची दोन पानं लिहिताना हात दुखतो म्हणून रडायची. शाळेच्या वेळेला पोटात दुखायला लागायचं, रविवारी मात्र कधी दुखायचं नाही. मार्चनंतर आईवडिलांनी तिला शाळेत न पाठवायचं ठरवलं. निदान दोन वर्षं घरीच शिकवू, असा बेत. आई घरूनच हिशेबाचं अर्धवेळ काम करतात, वडील सकाळच्या लोकलने जातात ते रात्री येतात, घरात सासूबाई आहेत. रोज सकाळी दोन तास मुलीला बाहेर न्यायचं (शिवाजी पार्क, चौपाटी, मासळीबाजार, दादरचा फुलबाजार) आणि त्यातूनच भाषा, गणित, विज्ञान शिकवायचं, असं आईंनी मनाशी धरलं. त्यासाठी रोज रात्री बसून दुसऱ्या दिवसाचा ‘विषय’ काढायचा, तक्ते आणि शब्दांच्या चिठ्ठ्या करायच्या, बरोबर पॅड आणि स्केचपेनं घ्यायची. तीन आठवडे छान गेले. मग मुलगी बाहेर पडायलाच कुरकुर करू लागली. मे महिन्यात एके सकाळी ती वायरचा तुकडा ओढणाऱ्या कावळ्याकडे बघत उभी राहिली. त्या दिवशीचा विषय ‘आकार’ होता, म्हणून आईंनी तिला हाताला धरून पुढे नेलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘आई, आज नुसतं जाऊ या ना. शिकायला नको.’’ नवरा रात्री विचारतो, ‘‘आज काय शिकवलंस?’’ सासूबाई म्हणतात, ‘‘भटकून कुणी शहाणं होतं का?’’ आईंचं मागणं असं, की बाहेरच्या प्रत्येक अनुभवाचं शिक्षणात रूपांतर कसं करायचं याचं एक वेळापत्रक द्यावं. आणि असं घरी शिकवणं कायद्यात बसतं का, तेही सांगावं.

उत्तर

वेळापत्रकाचं नंतर बघू. आधी त्या कावळ्याकडे परत जाऊ या, त्याला तुम्ही दोघी वाटेतच सोडून आलात.

मे महिन्यात मुंबईतला कावळा वायर ओढत असेल तर तो घरटं बांधतोय. या शहरात काटक्यांपेक्षा तारा सहज मिळतात, म्हणून इथल्या कावळ्यांच्या घरट्यांत केबलचे तुकडे, बांधकामाच्या बारीक तारा, कपड्यांचे हँगर असं सगळं सापडतं. त्याच दिवसांत कोकीळ पहाटेपासून ओरडत असतो, आणि त्याचं कारणही तेच घरटं. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते आणि तिची पिल्लं कावळेच भरवतात. ‘कुहू कुहू’ करतो तो नर, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी करडी, अंगभर ठिपके असलेली. ती समोर बसली तरी आपण तिला ओळखत नाही, कारण गाण्यांमध्ये आपण तिलाच गायला लावलेलं असतं. अंडी घातल्यावर त्या झाडाखालून जाणाऱ्याला कावळे डोक्यात टपली मारतात, हा अनुभव मुंबईत निम्म्या लोकांनी घेतलेला असेल. म्हणजे एका वायरच्या तुकड्यामागे महिनाभराची गोष्ट होती, आणि ती रोज तुमच्याच रस्त्यावर घडत होती.

हे वाचून तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून मी लिहिलेलं नाही. मीसुद्धा हेच केलेलं आहे. बालवाडीत शिकवत असताना एकदा बावीस मुलांना घेऊन समुद्रावर गेले होते. हातात ‘भरती-ओहोटी’चा रंगीत तक्ता. मुलं मात्र दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातून नाणी काढणाऱ्या एका पोराभोवती कोंडाळं करून बसली. मी दहा मिनिटं ओरडले, मग तक्ता दाखवला, मग परत आलो. वर्षभराने त्यातल्या एका मुलीला विचारलं, तेव्हा तिला तो पोरगा आठवत होता, त्याच्या चड्डीचा रंग आठवत होता, कुठली नाणी चिकटत होती आणि कुठली नव्हती हेही आठवत होतं. तक्ता कुणालाच आठवत नव्हता. करायला मीच दोन रात्री जागले होते, त्यामुळे मला तेवढा आठवतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नातल्या ‘रूपांतर’ या शब्दाशीच माझं भांडण आहे. अनुभव हा कच्चा माल आणि आपण त्यातून शिक्षण काढणारी गिरणी, असं काहीसं तुम्ही धरून चालला आहात. पावणेसहा वर्षांचं मूल उभं राहून बघतं, तेव्हा ते काम करत असतं. तुलना चाललेली असते, अंदाज चाललेले असतात, ‘आता हा काय करेल’ हे चाललेलं असतं. तिथे आपलं काम थांबणं हे आहे. हे काम अवघड आहे, थट्टा समजू नका. डोक्यात डाळीच्या कुकरचं, अकरा वाजताच्या फोनचं चालू असताना फुटपाथवर दहा मिनिटं गप्प उभं राहणं मला अजून नीट जमत नाही.

आणखी एक गोष्ट विचारते. शाळा सोडवण्याचं कारण तुम्ही लिहिलंय: रोज दोन पानं, दुखणारा हात. मग शिवाजी पार्कात पॅड आणि स्केचपेनं कशाला नेता? शाळा नकोशी झाली म्हणून सोडली आणि तीच पिशवीत घालून बाकावर नेऊन मांडली, असं तर झालं नाही ना? मुलीनं ‘शिकायला नको’ म्हटलं त्याचा अर्थ मी तरी इतकाच लावते, की तिला पॅड ओळखू आलं.

मूल असेल तिथेच शिक्षण नेणं आपल्याकडे कुणी केलेलंच नाही असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. अंगणवाडी म्हणतात ती ही. गुरं राखणारी मोठी मुलं शाळेत येणं शक्य नव्हतं, तर शाळा कुरणावर गेली, तिचं नाव कुरणशाळा. पानं, बिया, खडे, शिंपले ही तिथली साधनं. पण एक बारकावा विसरू नका. त्या कुरणावर शिक्षकही जात होते आणि मुलांना अक्षरं, आकडेही शिकवत होते. गुरं चारता चारता अक्षरं आपोआप उमटतील, अशा भ्रमात त्या दोघी नव्हत्या. हे मुद्दाम सांगते, कारण घरी शिकवणाऱ्या काही पालकांचा असा समज दिसतो, की मुलाला निसर्गात सोडलं की वाचनसुद्धा आपसूक येतं. काही मुलांना येतं. बहुतेकांना बसून शिकवावं लागतं.

म्हणून माझा पहिला सल्ला तुम्हाला उलटा वाटेल: अक्षरांसाठी रोज घरी वीस मिनिटं वेगळी काढा आणि बाहेरच्या दोन तासांना त्यातून मोकळं करा. वीसच मिनिटं, सकाळी, पोट भरलेलं असताना. ‘अ आ इ ई’ची सगळी रांग आधी पाठ व्हायला हवी असं काही नाही. ग, म, भ, न, ल, व, र, ळ अशी थोडी अक्षरं आली की काना-मात्रेशिवायचे किती तरी शब्द वाचता येतात. नळ, वर, मन, गरम. लिहिणं सध्या मागे ठेवा. हात दुखतो म्हणजे बोटांत अजून जोर नाही, असं पुष्कळदा असतं. कणीक मळणं, मटार सोलणं, लसूण निसणं, कपड्यांना चिमटे लावणं ही त्याची औषधं. गच्चीवर खडूनं हातभर मोठं ‘ग’ काढणं, ओल्या वाळूत काठीनं नाव लिहिणं हेही लिहिणंच आहे. सहा महिने असं करूनही पेन्सिल धरली की दुखतंच असेल तर डॉक्टरांना दाखवा, ‘आळस आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

आता बाहेरचे दोन तास. तुमच्या यादीत रोज नवी जागा आहे, असं दिसतंय. मी ती यादी फाडून एकच जागा ठेवेन. निदान चार दिवस तीच, मग एखादा दिवस लांबची. मोठ्यांना नावीन्य हवं असतं, मुलांना तेच झाड परत बघायचं असतं, कारण बदल दिसायला आधीचं आठवत असावं लागतं. तुमच्या भागात, विशेषतः समुद्राच्या बाजूला, देशी बदामाची झाडं भरपूर आहेत. त्यातलं एक ‘तिचं’ करून टाका. तिनंच निवडलेलं हवं, तुम्हाला ते कितीही खुरटं वाटलं तरी. बदामाची मोठी पानं गळण्याआधी लालबुंद होतात. मुंबईत इतका रंग बदलणारं झाड शोधून सापडायचं नाही. फळं रात्री वटवाघळं खाऊन टाकतात आणि कोया खाली पडलेल्या मिळतात. कोय दगडाने फोडली की आत बारीकशी बी, खाता येते. न फोडलेली एक कोय घरी आणून बादलीत टाका. ती तरंगते. समुद्रकाठी ही झाडं का दिसतात, याचं उत्तर बादलीत आहे, पण ते तुम्ही सांगून टाकू नका. दोन महिन्यांनी ती स्वतःच विचारेल, किंवा विचारणार नाही. नाही विचारलं तरी बिघडलं नाही.

‘सांगू नका’ हे मी सगळीकडे म्हणत नाही. मुलीनं नाव विचारलं तर नाव सांगा. माहीत नसेल तर ‘मला नाही माहीत, बघू’ म्हणा आणि खरोखर बघा. पण तिच्या प्रत्येक वाक्यावर ‘मग हा कुठला रंग?’, ‘किती झाले?’, ‘स्पेलिंग काय?’ असं विचारत सुटलात, तर दोन तासांची तोंडी परीक्षा होते. मी एक नियम पाळत असे: ज्याचं उत्तर मला आधीच माहीत आहे असा प्रश्न बाहेर विचारायचा नाही. रंग मला माहीत आहे, म्हणून विचारायचा नाही. ‘ही वायर त्याला वाकवता येईल का गं?’ हे मला माहीत नाही, म्हणून विचारायचं. करून बघा, आधी अर्धा दिवस आपण जवळजवळ मुकेच होतो.

गणितासाठी मासळीबाजाराइतकी चांगली जागा नाही, आणि ती तुम्ही आधीच शोधली आहे. तिथे वजनकाटा कमी आणि वाटा जास्त. एका वाट्यात बोंबील किती, मांदेली किती, का फरक? कोळीण पैसे सांगते, आई ‘दोन वाटे घेते, कमी करा’ म्हणते. त्या घासाघिशीत गुणाकार आहे, पण त्याला गुणाकार म्हणायची घाई नको. मुलीच्या हातात खऱ्या नोटा द्या, सुट्टे परत घ्यायचं काम तिचं. चुकली तर मावशीच सांगतील, त्यांचं सांगणं तुमच्या सांगण्यापेक्षा गोड लागतं. जून-जुलै मात्र राज्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे बाजार बदललेला दिसेल. कुठले मासे आता नाहीत आणि सुकट-सुके बोंबील किती वाढले, हेच बघायला न्या. त्याच दिवसांत दादरच्या बाजारात आदिवासी बायका टाकळा, शेवळं, फोडशी, कंटोळी अशा पावसाळी भाज्या घेऊन बसतात. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यात काकडं नावाची रानफळं किंवा चिंच घालतात. हे तुम्हाला माहीत नसेल तर सासूबाईंना नक्की माहीत असेल. सासूबाईंचा विषय पुढे काढणारच आहे.

आकड्यांच्या नावांवरून आठवलं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि केवढा गहजब झाला होता. मी त्या वादात कुणाच्याच बाजूची नव्हते, पण त्यामागची अडचण खरी आहे. आपले आकडे मुलांना जड जातात. लिहिताना पाच आधी, नऊ नंतर, आणि म्हणायचं ‘एकोणसाठ’. यावर घोकंपट्टीपेक्षा बेस्टच्या बसची पाटी बरी. थांब्यावर उभं राहून येणाऱ्या बसचा देवनागरी आकडा मोठ्याने वाचायचा. चुकला तर बस निघून जाते, कुणी लाल शाईनं गोल करत नाही.

वाचनासाठी तर तुमच्याकडे लोकल आहे. रविवारी दुपारी गर्दी नसते, तेव्हा बाबांबरोबर माहीमहून चर्चगेटची स्लो पकडायची. मोजा: माहीम, माटुंगा रोड, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, मरीन लाइन्स. अकरा स्टेशनांत पाच ‘म’ची, कुठे नुसता, कुठे काना, कुठे उकार. माटुंगा, ग्रँट आणि चर्नी या तिघांमागे तोच ‘रोड’. चर्नी आणि चर्चगेट दोन्हींत तोच ‘र्’ डोक्यावर चढून बसलेला. एकही चिठ्ठी न बनवता एवढा सराव! पहिल्या फेरीत तिला फक्त ‘म’ सापडला तरी पुष्कळ. तीन-चार रविवारांनी ती ‘रोड’ आधी ओरडेल आणि गाडी नंतर थांबेल. हे काम वडिलांनीच करावं असं मी म्हणते, त्याला कारण आहे. रात्री ‘काय शिकवलंस?’ विचारणारा माणूस स्वतः बरोबर गेला, की तो प्रश्न आपोआप बदलतो. त्यांना दुष्ट समजू नका. दिवसभर बाहेर असलेल्या माणसाला काळजी वाटते आणि ती हिशेब मागण्याच्या भाषेत बाहेर पडते. तुम्ही हिशेबाचंच काम करता, तेव्हा हे तुम्हाला मी सांगायला नको.

तरी त्यांना दाखवायला काही तरी हवं, हे मला मान्य आहे. त्यासाठी शंभर पानी साधी वही घ्या. बाहेर न्यायची नाही, घरीच ठेवायची. दुपारी जेवण झाल्यावर मुलीला म्हणा, ‘आज आजीला आणि बाबाला काय सांगायचं?’ ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता, दोन ओळी तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहा. ‘कावळ्याने वायर पाडली. परत नेली.’ खाली तिला हवं तर चित्र. रात्री बाबा घरी आले की ती वही ‘वाचून’ दाखवणार. सुरुवातीला पाठ असल्यासारखं म्हणेल, म्हणू द्या. स्वतःचंच वाक्य असतं, म्हणून डोळे शब्दांवरून फिरतात आणि एके दिवशी ‘वायर’ दुसऱ्या पानावर दिसली की ओळखू येते. तारीख रोज घाला. वर्षभराने ही वहीच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा असेल, नवऱ्यापुढेही आणि उद्या एखाद्या शाळेत प्रवेश घ्यायचा झाला तर तिथेही. रात्रीचे तक्ते मात्र आजपासून बंद. तुम्ही झोपा.

पाऊस तोंडावर आहे, तेव्हा एक प्रयोग सांगते. उभ्या सरळ भिंतीचा स्टीलचा डबा गच्चीवर मधोमध ठेवा. खाली निमुळता होणारा पेला चालत नाही, त्यात मोजमाप चुकतं. खिडकीच्या ग्रीलमध्येही नको, भिंतीचा आडोसा येतो. सकाळी एकाच ठरलेल्या वेळी पट्टीने मिलिमीटर मोजायचे, वहीत लिहायचे, पाणी ओतून द्यायचं. बातम्यांत कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे सांगतात, ते आणि आपला आकडा शेजारी-शेजारी. तिघांचं जुळणार नाही, आणि मजा तिथेच आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७५सुद्धा नाही, हे तिच्या बाबांना आठवत असेल. ते कुठे अडकले होते ती गोष्ट त्यांनीच सांगावी. तुमच्यासाठी एक किल्ली: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर बरोबर एक लिटर पाणी. मुलीला ते आज कळायची गरज नाही, पण एक लिटरची बाटली गच्चीवर ओतून बघायला तिला आवडेल.

पावसाळ्यात दोन-तीन गोष्टींत मात्र लाड नकोत. साठलेल्या पाण्यात पाय घालायचे नाहीत, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) त्यातूनच येतो. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पालिका आधी जाहीर करते, त्या दिवशी चौपाटी बंद. आणि जुलै-ऑगस्टमध्ये वाळूवर निळसर फुग्यासारखे, लांब शेपट्या असलेले जीव वाहून येतात, ते मेलेले दिसले तरी हात लावायचा नाही, डंख होतो. हे तिला आधीच सांगून ठेवा. ‘नको’ची यादी तीन ओळींची असेल तर मुलं पाळतात, तीस ओळींची असेल तर पाळत नाहीत.

बाहेर जाणं शक्यच नाही असे दिवस येतील. तेव्हा कुंडीतला कढीपत्ता बघा. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही तरी चिकटलेलं दिसलं तर पुसू नका, ते फुलपाखराचं सुरवंट असू शकतं. मोठं झालं की हिरवं होतं आणि पानांचा फडशा पाडतं. फोडणीसाठी कढीपत्ता विकत आणावा लागेल, तेवढी तयारी ठेवा.

कायद्याचं. शिक्षण हक्काचा कायदा २००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्यात घरी शिकवण्याची वेगळी सोय लिहिलेली नाही आणि पालकांना स्पष्ट मनाईही लिहिलेली नाही. मधली जागा आहे, आणि तीत आज पुष्कळ कुटुंबं राहतात. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं कलम चौथं: सहा वर्षांवरच्या मुलाचं नाव शाळेत नसेल तर त्याला वयानुसार असलेल्या इयत्तेत प्रवेश मिळू शकतो. म्हणजे दोन वर्षांनी परतायचं ठरलं तर दार बंद नाही. लांबचा विचार असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. आणि नवऱ्याला हेही सांगा, की २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तुमची मुलगी मागे पडत नाहीये, ती त्या टप्प्याच्या मध्यावर आहे.

पण कायद्यापेक्षा मला वेगळी शंका आहे, ती विचारल्याशिवाय राहवत नाही. तुम्हाला ती एक शाळा नको होती, की शाळाच नको होती? पत्रावरून मला नीट कळलं नाही. पहिलं असेल, तर जवळपास एखादी लहान, कमी लिखाण देणारी शाळा सापडतेय का हे याच वर्षी शांतपणे बघत राहा. त्यात तुमची हार नाही. दुसरं असेल, तर मुलीच्या सोबतीचा विचार आत्ताच करा, कारण तुमच्या संपूर्ण पत्रात तिच्या वयाचं दुसरं मूल एकदाही आलेलं नाही. संध्याकाळी इमारतीखाली खेळायला सोडा, भांडू द्या, हरू द्या. सकाळचे दोन तास तुमचे, संध्याकाळचे दोन तिच्या मित्रमैत्रिणींचे, आणि त्या वेळेत तुम्ही वर खिडकीत, खाली नाही. आठवड्यातून दोन दिवस तुमचं काम साठलं म्हणून सकाळी बाहेर जाणं झालं नाही, तर ती घरात लोळेल, कंटाळेल. कंटाळू द्या. घरी शिकवणाऱ्या आया सगळ्यात आधी थकतात, आणि मुलांना ते आपल्याआधी कळतं.

राहिल्या सासूबाई. त्यांना पटवायला जाऊ नका, कामाला लावा. ‘भटकून कुणी शहाणं होतं का’ म्हणणाऱ्या बाईला शेवळं खाजतात हे कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. त्यांच्या पिढीत पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे) पाठ असत. त्यांना अजून येतात का विचारा. येत असतील तर तुमच्या घरात एक खजिना पडून आहे. कोकण किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ तोंडी काढतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. मिनिटाला मिनिट जुळत नाही, तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण आज पाणी कुठवर असेल हे कळायला पुरतं. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यातून हे आलं आहे.

तेव्हा उद्या सकाळी पॅड घरी ठेवून निघा. चौपाटीवर जायचं म्हणून मुलीनं विचारलं, ‘‘आई, आत्ता पाणी वर असेल की खाली?’’ तर फोन काढू नका. तिला आत पाठवा, आजीला विचारून ये म्हणावं, आज तिथी कोणती. आणि वाटेत त्या कावळ्याच्या झाडाखालून जा. जून आहे, एव्हाना पिल्लं असतील. डोकं सांभाळा.